सोसायटीतली बाग वाचवायची की शेजार?

मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका जुन्या सहकारी सोसायटीत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेचं हे पत्र. दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांनी आणि काही शेजाऱ्यांनी इमारतीमागच्या पट्ट्यातला राडारोडा उचलून तिथे फुलपाखरांसाठी झाडं लावली. कमिटीने तोंडी होकार दिला होता. गेल्या पावसाळ्यात चेअरमनांच्या नातीला डेंग्यू झाला. या उन्हाळ्यात सहाव्या मजल्याच्या छज्ज्याखाली आग्या मोहोळ लागलं आणि एका रात्री कुणालाही न सांगता पेस्ट कंट्रोलवाल्याकडून ते मारून टाकलं गेलं. आता कमिटीचं म्हणणं असं की मच्छर आणि माश्या बागेमुळेच येतात. पट्टा साफ करून पेव्हर ब्लॉक बसवावेत, नाहीतरी काही वर्षांत पुनर्विकास आहेच. गटातली तरुण मंडळी तक्रार करा म्हणतात. चेअरमन मात्र पत्रलेखिकेचे तीस वर्षांचे शेजारी, त्या त्यांना दादा म्हणतात. "आता लिफ्टमध्ये भेटलो तरी बोलत नाही. निसर्गासाठी भांडू, की शेजार राखून बाग सोडून देऊ? की दुसरीकडे कुठे झाडं लावू?"

ताई,

त्या सकाळी तुम्ही मेलेल्या माश्या सुपलीत गोळा केल्यात, ते वाचून गलबलून आलं. जे झालं ते चूकच झालं. रहिवाशांना न कळवता रात्री विष फवारणं माणसांसाठीही धोक्याचं असतं. बिथरलेल्या माश्या उजेडाच्या दिशेने उघड्या खिडक्यांतून घरात शिरतात. फवारलेल्या पोळ्यातला मध कुणी नकळत खाऊ शकतं. आणि मेण तिथेच राहिलं तर पुढच्या हंगामात त्याच जागी पुन्हा मोहोळ लागायची शक्यता असते. तेव्हा तुमचा राग समजण्यासारखा आहे.

पण पत्र दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट जाणवली. माश्यांबद्दल तुम्ही दीड पान लिहिलं आहे आणि दादांच्या नातीच्या डेंग्यूबद्दल एक ओळ. ती केवढी आहे, किती दिवस दवाखान्यात होती, घरच्यांनी त्या रात्री कशा काढल्या, यातलं काही नाही. मला वाटतं, दादांच्या लेखी ही सगळी गोष्ट तिथून सुरू होते. त्यांचा फुलपाखरांवर राग नसेल. तो आठवडा त्यांना पुन्हा नको असेल, एवढंच.

तुम्ही निसर्ग एका बाजूला ठेवलात आणि शेजार दुसऱ्या. जंगलात झाडाला माती, ऊन आणि पाणी पुरतं. सोसायटीच्या आवारात त्याला शेजाऱ्यांची संमतीही लागते, आणि ती सुकली की झाडही जातं. तुमच्या बागेला माती मिळाली, पाणी मिळालं. संमती मात्र तोंडीच राहिली. म्हणून पुढचं सगळं काम मला तिथे दिसतं.

आधी आरोप तपासून पाहू. मोहोळ बागेमुळे आलं का? जवळजवळ नक्कीच नाही. आग्या माश्या चाऱ्यासाठी कित्येक किलोमीटर उडतात. रस्त्याकडेचे पर्जन्यवृक्ष, सोनमोहर, आंब्याचा मोहर यांवर त्यांचं पोट चालतं, आणि पोळ्यासाठी त्यांना उंच, पावसापासून आडोसा असलेली, खालून मोकळी जागा लागते. ती त्यांना तुमच्या छज्ज्याने दिली, पट्ट्याने नाही. हे कमिटीला जरूर सांगा.

मात्र हाच मुद्दा आपल्यालाही लागू पडतो. बागेच्या फलकावर तुम्ही "मधमाश्या वाचवा" असं लिहिलं आहे. जी माशी किलोमीटरच्या हिशेबात फिरते, तिला आवारामागच्या दोन-तीन मीटर रुंद पट्ट्याने ना फारसा फरक पडतो, ना ती त्यामुळे वाचते. मग तुमच्या बागेचा उपयोग कुणाला? ज्यांचं जग याहून बरंच लहान असतं त्यांना. जुन्या भिंतीच्या भेगेत मेणाची नळी काढून राहणाऱ्या, डंख नसलेल्या इवल्या पोयाच्या माश्या. मातीत बीळ करून एकेकट्या राहणाऱ्या माश्या; पेव्हर ब्लॉक बसले की त्यांचं घरच मिटतं. वाळक्या लाकडात किंवा बांबूत राहणारे काळे भुंगे. आणि त्या फुलपाखरांच्या अळ्या, ज्या एकाच कुळातल्या झाडांचा पाला खातात.

बहुतेक सोसायट्यांमध्ये फुलपाखरांची बाग म्हणजे फुलांची बाग असं समजतात आणि नर्सरीतून एक्झोरा, पेंटास आणून लावतात. मध प्यायला फुलपाखरं येतात, पिऊन निघून जातात. ती राहतात ती पानांसाठी. लिंबू, कढीपत्ता, बेल यांच्यावर लाइम बटरफ्लाय अंडी घालतं; कॉमन मॉर्मनही लिंबावर आणि कढीपत्त्यावर येतं. आपल्या राज्याचं फुलपाखरू, २०१५ साली जाहीर झालेलं ब्लू मॉर्मन, लिंबाच्याच कुळावर वाढतं. रुईवर प्लेन टायगर, कण्हेरीवर कॉमन क्रो, पानफुटीवर रेड पिएरो, बहाव्यावर आणि टाकळ्यावर पिवळी-पांढरी एमिग्रंट. आंब्याच्या पानावर कॉमन बॅरनची काटेरी दिसणारी, पण निरुपद्रवी अळी असते. कंपाउंडच्या भिंतीलगत सरळ उंच वाढणारा आसुपालव, ज्याला सगळे अशोक म्हणतात, त्यावरही टेल्ड जेच्या अळ्या वाढतात. म्हणजे जी झाडं सोसायटीत आधीपासूनच आहेत, तीही तुमच्या बागेचा भाग आहेत. हे कळलं की "बाग पाडायची" ही भाषा तेवढी सोपी राहत नाही.

आता मच्छर. इथे मी तुमची बाजू पूर्णपणे घेणार नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास मातीत वाढत नाही, साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो: छपरावरचा ड्रम, ताडपत्रीच्या वळ्या, झाकण तुटलेली टाकी, फ्रिजमागचा ट्रे, घरात बाटलीत ठेवलेला मनी प्लांट. पण तुमच्याच पत्रात पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या परातीचा उल्लेख आहे, आणि कुंडीखालच्या ताटल्यांचाही. शिवाय दाट झुडपाच्या सावलीत दिवसा डास दबून बसतात, हेही खरं आहे. दादांच्या भीतीला जेवढा आधार आहे तेवढा मान्य करा. त्याशिवाय उरलेलं ते तुमचं ऐकणार नाहीत.

मान्य केल्यावर करायचं काय? परात रोज रिकामी करून काथ्याने घासायची, कारण एडिसची अंडी पाण्याच्या काठाला चिकटतात आणि सुकली तरी महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं पाणी बदलून भागत नाही. ताटल्या काढूनच टाकायच्या. अंड्यापासून डास उडेपर्यंत साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून गटाने फक्त बाग नाही, गच्चीपासून पंपाच्या खोलीपर्यंत सगळं आवार तपासायचं. वॉर्डातल्या महापालिकेच्या कीटकनाशक विभागाच्या माणसांना तुम्ही स्वतः बोलवा. ते काय सांगतात ते दादांच्या समोर ऐका, आणि बागेत काही सापडलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करा. सोसायटीत डेंग्यूचे रुग्ण असताना धुरळणी झाली तर तिला विरोध करू नका. पण दर आठवड्याला हौसेखातर धूर मारणं थांबवायला नक्की सांगा: धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात, आणि त्याबरोबर फुलपाखरंही जातात.

हे सगळं सभेत मांडायच्या आधी दादांच्या घरी जाऊन या. गटाला घेऊन नको, एकट्याच. बागेचा विषय काढू नका. नातीची चौकशी करा, आणि गेल्या पावसाळ्यात यायला हवं होतं, हे वाटत असेल तर सांगा. दुसऱ्या भेटीत विचारा, बागेत काय बदललं तर तुम्हाला निर्धास्त वाटेल? त्यांचं उत्तर कदाचित अगदी साधं असेल. पाण्याची परात काढा. झुडपं गुडघ्याएवढी ठेवा. मोहोळ दिसलं की मला लगेच कळवा. यातलं काहीच अशक्य नाही.

गचपणाबद्दल थोडं. तुम्हाला जे रानासारखं सुंदर दिसतं, ते पाचव्या मजल्यावरून गचपण दिसतं आणि गचपण म्हटलं की साप-उंदीर आठवतात. उंदीर झाडांपेक्षा उघड्या कचऱ्यामुळे येतात. पण वाद घालण्यापेक्षा बागेला विटांची सरळ कड द्या, मधून चालता येईल एवढी पायवाट ठेवा, पुढची रांग छाटलेली आणि मागची मोकळी ठेवा. एकदांडी, केना, टाकळा ज्या कोपऱ्यात मुद्दाम वाढू दिला आहे तिथे तसं लिहा. मराठी, हिंदी आणि तुमच्याकडे असतील तर गुजराती किंवा तमिळमध्येही. नीटनेटकी कड दिसली की आतलं रान कुणीतरी विचारपूर्वक ठेवलं आहे हे लोकांना कळतं. अळ्यांचंही असंच. शेवग्यावर झुबक्याने दिसणाऱ्या केसाळ सुरवंटांनी खरोखर खाज येते. ते पतंगांचे असतात आणि लहान मुलांना त्यांच्यापासून लांबच ठेवावं. लिंबावरची अळी लहानपणी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवीगार, आणि कुणालाही काही करत नाही. हा फरक सांगणारा एक फोटो फलकावर लावला की निम्म्या तक्रारी येणारच नाहीत.

इथे माझ्या मनात एक सूचना आहे, आणि ती तुमच्यासारख्या बऱ्याच गटांना उपयोगी पडेल असं वाटतं. गणपतीच्या पत्रीत काय काय असतं पाहा: बेल, रुई, कण्हेर, आघाडा, तुळस, दूर्वा, बोर, माका. यातल्या बऱ्याच वनस्पती फुलपाखरांच्या आणि माश्यांच्या उपयोगाच्या आहेत. श्रावणात टाकळ्याची आणि कुर्डूची भाजी करणाऱ्या बायका तुमच्या सोसायटीत अजून असतील. गौरींसाठी तेरडा दादरच्या बाजारातून आणणाऱ्याही असतील. त्यांना विचारून पट्ट्याचा एक भाग पत्रीसाठी आणि रानभाज्यांसाठी ठेवा. सणाला कुणीही खुडावं, मात्र मुळापासून उपटू नये आणि अळी असलेली फांदी सोडावी. ज्या बागेतून गौरीचा तेरडा घरात आला, ती साफ करायला हात वर करणं अवघड जातं. ही युक्ती म्हणून मी सांगत नाही. पत्री आणि रानभाजी हे आपलं झाडांशी असलेलं जुनं नातं आहे, ते तुमच्या बागेत असायलाच हवं होतं. फक्त काळजी घ्या: रुईचा चीक डोळ्यांना घातक आणि कण्हेर विषारी आहे. दोन्ही मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर, मागच्या रांगेत लावा.

पुढचं मोहोळ. ते येईल, बहुधा पावसाळा सरल्यावर. त्यासाठी आत्ताच लेखी नियम ठरवा. छज्ज्यावर जुनं मेण राहिलं असेल तर ते खरवडून, जागा धुऊन, हंगामाआधी तिथे जाळी लावा. गच्चीच्या टाकीखाली, जिथे कुणाच्या खिडकीजवळ नाही अशा ठिकाणी मोहोळ लागलं तर राहू द्यावं. आग्या माश्या स्थलांतर करतात, फुलोरा संपला की पोळं सोडून जातात. तोवर तिथे धूर, फटाके, दगड नकोत. संध्याकाळनंतर जवळचे दिवे बंद ठेवावेत. गाड्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर पिवळे ठिपके पडतात ती त्यांची विष्ठा, त्याने घाबरू नये. पण आजारी माणसाच्या खिडकीशी किंवा मुलांच्या वाटेवर मोहोळ असेल तर ते हलवायलाच हवं, हे तुम्ही स्वतःहून म्हणा. विष न वापरता पोळं काढणारी प्रशिक्षित माणसं मिळतात. पुण्यातली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था असं प्रशिक्षण देते, तिथून माहिती घेता येईल. हल्ला झालाच तर हात न झटकता बंद खोलीत पळायचं, डंख नखाने पटकन खरवडून काढायचा. श्वास लागला, ओठ सुजले किंवा बरेच डंख बसले असतील तर वाट न पाहता रुग्णालय. वॉचमनला हे सगळ्यात आधी शिकवा, आवारात तोच चोवीस तास असतो.

तक्रारीबद्दल तरुण मंडळींना माझा सल्ला थांबण्याचा आहे. मेलेलं मोहोळ परत येणार नाही, आणि नोटीस गेली की उरलेली बाग कोर्टकचेरीचा विषय होईल. एक गोष्ट मात्र कमिटीला माहिती म्हणून शांतपणे सांगून ठेवा. महाराष्ट्रातल्या शहरांना १९७५ चा झाडं जतन करण्याचा कायदा लागू आहे, त्यामुळे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय आवारातलं झाडही तोडता येत नाही. तुमची झुडपं त्यात येत नसतील, पण पट्ट्याच्या कडेचा जुना आंबा येतो.

दुसरीकडे झाडं लावायची कल्पना वाईट नाही, ती हरल्याच्या भावनेतून मात्र नको. महापालिकेच्या जागेवर उद्यान विभागाच्या परवानगीशिवाय काही लावलं तर पहिल्या खोदकामात जातं. आणि ओसाड दिसणारा प्रत्येक माळ ओसाड नसतो. गवताळ जागेचे स्वतःचे जीव असतात. गटातल्या कुणी तरी मियावाकी, म्हणजे थोड्या जागेत दाटीने रोपं लावून रान उभं करायची पद्धत, सुचवली आहे. महापालिकेने २०२० पासून तशी बरीच दाट वनं लावली आहेत आणि काही ठिकाणी ती छान दिसतातही, पण अरुंद पट्ट्यात चौरस मीटरला तीन-चार रोपं कोंबली की खाली ऊन पोचत नाही, आणि फुलपाखरांना ऊन लागतं. तुमच्याकडे मी ते करणार नाही.

त्यापेक्षा कमिटीतल्या दोघा-तिघांना घेऊन माहीम-धारावीच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात जा. मिठीच्या काठची ती जागा पूर्वी शहराचा कचरा टाकायची होती. १९९४ साली उद्यान खुलं झालं आणि आज तिथे दाट झाडी आहे. ठाण्याला घोडबंदर रस्त्याच्या बाजूची ओवळेकर वाडीही फुलपाखरांसाठीच जोपासलेली जागा आहे. ऑगस्ट ते नोव्हेंबर हे दिवस उत्तम. दादा आले तर फारच छान, नातीलाही आणा.

सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होईल आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी निघेल. तेव्हा ऑगस्टमध्येच सेक्रेटरींना विषय लेखी द्या. ठरावात काय मागायचं? बागेला मुदत, सांभाळणाऱ्यांची नावं, दर आठवड्याची डासांची तपासणी, मोहोळाचा नियम, आणि वर्षाने पुन्हा आढावा. कायमची परवानगी मागू नका. वर्षाची मागितलीत तर घाबरणारेही हात वर करतील. सप्टेंबर हा देशभर फुलपाखरांच्या नोंदींचा महिना म्हणून २०२० पासून साजरा होतो. सोसायटीतल्या मुलांकडून मोबाइलवर फोटो काढून घ्या, आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या अ‍ॅपवर टाका, आणि सभेत भाषण करण्याऐवजी मुलांनी काढलेले फोटो दाखवा.

राहता राहिला पुनर्विकास. "नाहीतरी पाडायचंच आहे" हे मुंबईत प्रत्येक चांगल्या कामाच्या वाटेत येतं, आणि पुनर्विकासाच्या चर्चा कधी कधी दहा-पंधरा वर्षं चालतात. लिंबाच्या फुलपाखराचं अंड्यापासून पंखांपर्यंतचं आयुष्य महिन्याभराचं. तीन वर्षं म्हणजे त्याच्या कितीतरी पिढ्या. तेवढ्यासाठीही बाग ठेवण्याजोगी आहे. पण करार व्हायच्या आधी सभासद म्हणून आर्किटेक्टला लेखी विचारा: नव्या आराखड्यात खाली तळघर किंवा वर पोडियम (पार्किंगवरचा काँक्रीटचा मजला) नसलेली, आकाशाला उघडी माती किती राहणार आणि कुठल्या बाजूला? पोडियमवरच्या दोन फूट मातीत हिरवळ होते, बहावा होत नाही. नकाशे मंजूर झाल्यावर या प्रश्नाला कुणी उत्तर देत नाही.

आणि या पावसातच रोपं वाढवायला घ्या. तुमचा पट्टा एकटा राहिला तर छोट्या पल्ल्याच्या जिवांना पुरणार नाही. समोरच्या दोन सोसायट्या, शाळेचं कुंपण, कोपऱ्यावरच्या देवळाचं आवार यांत तीच झाडं असतील तर एक पाडलं तरी बाकीची राहतात. पानफुटीचं नुसतं पान ओल्या मातीवर ठेवलं तरी रुजतं. कढीपत्त्याच्या मुळांशी आलेली पिल्लं अलगद सोडवून कुंडीत लावता येतात, आणि लिंबू खिडकीतल्या मोठ्या कुंडीतही तग धरतं. बहाव्याच्या बियांचं कवच टणक असतं; ते खरखरीत फरशीवर थोडं घासून, रात्रभर पाण्यात भिजवून मगच पेरा.